गुरुवारचा बर्फ

विलासने मला फसवलं. विलास म्हणजे माझा साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. भर मे महिन्यात, वसई पूर्वेच्या एका सोसायटीच्या गच्चीवर, त्याने माझ्या पेटीतल्या बर्फात अर्धा किलो मीठ टाकलं आणि सात कमिटी मेंबरांसमोर मला हरवलं. हे मी संशयावरून लिहीत नाही. त्याने ते स्वतः कबूल केलं आहे, लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबी असताना. त्यामुळे विलासशी माझं भांडण मिटलं. मिटलेलं नाही ते त्या सोसायटीच्या अध्यक्षांशी.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी अट घातली की सोसायटीचं आणि अध्यक्षांचं नाव छापणार नाही. मी म्हटलं, मग मानधन दुप्पट करा. ते म्हणाले, आम्ही मानधन देतच नाही. समोरून आकडाच आला नाही की माझ्यासारख्या भाव करणाऱ्याची बाजू लंगडी पडते. तेव्हा नाव नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. अध्यक्षांना तर नक्की कळेल, कारण अंक त्यांच्या घरी मी स्वतः नेऊन देणार आहे.

आधी धंदा सांगतो. वालीवला आमचा गाळा होता. बाहेर पाटी होती, 'उष्णतारोधक यंत्रे व साहित्य'. पाटी लावून आठवडा झाला नाही तोच एक गृहस्थ गाल धरून आत आले. म्हणाले, "चार दिवस तोंड आलंय हो. काढा आहे का चूर्ण?"

मी म्हटलं, "इथे घराची उष्णता उतरवतात, माणसाची नाही."

"मग तसं लिहा ना," असं म्हणून ते रागाने निघून गेले.

शालनने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच दुपारी पेंटरला परत बोलावलं आणि पाटीखाली एक ओळ वाढवली, 'वरच्या मजल्यावर राहता? आत या.' त्या ओळीने जेवढं गिऱ्हाईक आणलं तेवढं माझ्या जिभेने कधी आणलं नाही. माझ्या जिभेने घालवलंच जास्त.

त्या वर्षांत वसईपासून विरारपर्यंत चार मजली इमारती इतक्या झपाट्याने उठत होत्या की सकाळी पाहिलेलं मिठागर किंवा शेत पुढच्या दिवाळीत ओळखू येत नसे. सगळ्या इमारतींचं एक दुखणं सारखं. चौथा मजला. वरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते खाली सोडतो. माणूस कामावरून घरी येतो, पंखा लावतो, आणि पंखा तीच गरम हवा त्याच्या डोक्यावर ओततो. यावर उपाय एकच, ऊन स्लॅबपर्यंत पोचू द्यायचं नाही. आम्ही गच्चीवर फोम मारायचो, त्यावर सिमेंटचा थर, त्यावर पांढऱ्या लाद्यांचे तुकडे.

फोम दोन पिंपांतून येतो. एका पिंपात काकवीसारखं तपकिरी रसायन, दुसऱ्यात मधासारखं फिकट. वेगवेगळी ठेवली तर दोन्ही महिनोन्‌महिने शांत. यंत्र त्यांना गरम करून नळ्यांतून फवारणीच्या गनपर्यंत नेतं, आणि गनच्या तोंडाशी दोघांची गाठ पडली की काही सेकंदांत फसफसून, फुगून, दगडासारखं घट्ट. "तुमची आणि विलासरावांची जोडी," असं शालन म्हणायची.

परदेशी यंत्र आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मी फ्रिजच्या कारखान्यात फिटर होतो. कारखाना बंद पडल्यावर बाहेर आलो तेव्हा माझ्याजवळ पान्यांची पेटी होती आणि फ्रिजच्या भिंतीत गारवा कसा कोंडतात याचं ज्ञान होतं. रंगकामाच्या यंत्राचा पंप, गीझरची कॉइल, ट्रॅक्टरच्या नळ्या जुळवून मी पहिलं यंत्र उभं केलं. पुढे तशी यंत्रं बनवून विकली, भाड्याने दिली, स्वतःही वापरली. मी यंत्र बनवायचो आणि भाव ठरवायचो, विलास गन धरायचा, शालन पंपाशी बसायची. दोन्ही पिंपं सारखी तापलेली लागतात. जरा मागेपुढे झालं की फोम चिक्कीसारखा ठिसूळ नाहीतर शिळ्या भजीसारखा मऊ. मी त्यासाठी चांगल्यातला मीटर आणला होता, पण शालन मीटरकडे बघायचीच नाही. पंपाचा आवाज ऐकून सांगायची, "तपकिरीवालं मागे पडतंय." आणि ते पडलेलं असायचं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. वसई गावाबाहेर इनासबाबा म्हणून केळी-फुलांच्या वाडीचे मालक होते. त्यांचं घर कौलारू आणि गार, त्यांना आमची गरज नव्हती. त्यांना फोम हवा होता कोंबड्यांच्या खुराड्याला. उन्हाळ्यात कोंबड्या अंडी देत नाहीत म्हणे. आयुष्यात भाव करताना मला कोणी घाम फोडला असेल तर या माणसाने. मी एक आकडा सांगितला की ते बोलायचेच नाहीत, नुसतं हसून केळीचा घड पुसत बसायचे. शेवटी मीच स्वतःशी घासाघीस करून अर्ध्यावर आलो. काम झालं, छान झालं. तिसऱ्या दिवशी निरोप आला, ताबडतोब या. जाऊन पाहतो तर कोंबड्यांनी चोची मारून मारून निम्मा फोम उकरलेला, खुराड्यात पिवळा भुगा पसरलेला, आणि एक कोंबडी माझ्याकडे बघत आणखी एक तुकडा तोडतेय.

इनासबाबा म्हणाले, "तुम्ही म्हणालात वीस वर्षं टिकेल."

"माणसं राहत असतील तर, असं म्हणालो."

"तसं लिहून दिलं होतं का?"

नव्हतं दिलं. आतून फुकटात प्लॅस्टर करून दिलं. तेव्हापासून उघडा फोम ठेवून मी कुठलंही काम सोडलं नाही. त्या कोंबड्या पुढे भर मेमध्ये अंडी देऊ लागल्या आणि दरवर्षी ईस्टरला आमच्याकडे दोन डझन अंडी येत राहिली. भाव करताना न बोलणारा माणूस मनाने कसा असतो ते मला तेव्हा कळलं.

कळंबला एका मुंबईकराने किनाऱ्याला लागून कॉटेज घेतली होती. त्यांना गारवा नको होता. म्हणाले, "समुद्राचा आवाज फार येतो, तो बंद करा." समुद्रासाठी घर घेतलं आणि समुद्रच नको. मी भांडलो नाही, कारण शालनने पाठीमागून शर्ट ओढला. आम्ही भिंती भरल्या, छप्पर भरलं, खिडक्यांना दुहेरी काचा लावून दिल्या. महिन्याने फोन आला, आता स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येतं, त्याचं काय करता? मी म्हटलं, सेल काढा.

याच कळंबच्या कामावर हिराबाय भेटली. मासळी विकणारी, पन्नाशीची, आवाज असा की भरतीच्या लाटांवरून ऐकू यावा. उरलेला फोम वाया जाताना बघून ती आपली लाकडी पेटी घेऊन आली. "माज्या पेटीत मार ना थोडा. फेकतोस त्यापेक्षा." मी पैसे मागितले. तिने मला चार पिढ्यांसकट ऐकवलं. शेवटी एक मोठा घोळ मासा ठरला आणि आम्ही तिची पेटी आतून भरून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिचा बर्फ शाबूत. किनाऱ्यावर त्याचा इतका बोलबाला झाला की पावसाळ्याआधी मी बावीस पेट्या भरल्या.

बर्फाची परीक्षा मला या पेटीवरून सुचली. सोसायट्यांच्या कमिट्यांपुढे फोम म्हणजे काय हे तासभर बोललं तरी डोळे मिटायला लागायचे. मग मी पत्र्याच्या दोन पेट्या केल्या, एक साधी, एक आतून फोम मारलेली. दोन्हींत सारख्या वजनाचा बर्फ घालायचा, उन्हात ठेवायच्या, चार तासांनी पाणी ओतून मापायचं. ज्या पेटीतून जास्त पाणी, ती हरली. आमची पेटी कधी हरली नाही. कमिटीतले लोक खुर्च्या टाकून बसायचे, चहा व्हायचा, पैजा लागायच्या. असा तमाशा करून मी तीन वर्षांत किती गच्च्या मिळवल्या ते विचारू नका.

त्या तीन वर्षांनंतर विलास आम्हाला सोडून गेला. कारण सांगितलं नाही. आमच्यापासून दोन गाळे सोडून त्याने काचेच्या लोकरीच्या चटयांची एजन्सी घेतली. या चटया छताखाली लावून त्यावर फॉल्स सीलिंग करतात. स्वस्त पडतं, पण ओल लागली की त्यात दम राहत नाही. शालनची बहीण कुंदा रडत आमच्या घरी आली. मी म्हटलं, जाऊ दे, हात पोळल्यावर येईल परत.

मग वसई पूर्वेच्या त्या सोसायटीचं काम निघालं. अकरा इमारती, अकरा गच्च्या. एवढं काम मिळालं असतं तर मी दुसरं यंत्र बांधून चार माणसं ठेवणार होतो, आणि आजूबाजूच्या सोसायट्या रांगेत आल्या असत्या. शेवटच्या फेरीत दोनच जण उरले, मी आणि विलास. अध्यक्ष म्हणाले, तुमची ती बर्फाची परीक्षा दोघांची एकदम होऊ दे. बुधवार सोयीचा की गुरुवार?

मी गुरुवार निवडला. माझी पहिली चूक. आमच्याकडे गुरुवार पाळणारी माणसं पुष्कळ, त्यामुळे मासळीला गिऱ्हाईक कमी आणि हिराबायकडे बर्फ शिल्लक. बर्फाच्या कारखान्यातली स्वच्छ लादी घ्यायची सोडून मी तिच्याकडचा घेतला, कारण स्वस्त. त्यातही पाच रुपयांवरून तिच्याशी वाद घातला. ती म्हणाली, "एवडी मोटी मशीन चालवतोस आनि माज्या पाच रुपयांवर डोला?" पण तरी पाच रुपये मी सोडले नाहीत. ती बर्फ पोत्यात बांधून आमच्याबरोबर टेंपोत बसली, खाली सोसायटीच्या गेटवर उरलीसुरली कोळंबी विकायला.

गच्चीवर अकरा वाजता वजन झालं, माझी फोमची पेटी आणि विलासची काचेच्या लोकरीची, दोन्हींत पाच-पाच किलो. बर्फाला मासळीचा वास, त्यामुळे कावळे जमले. तेवढ्यात अध्यक्षांनी मला कागदावर सही करायला बोलावलं, निकाल मान्य असल्याबद्दल. मी वळून म्हणालो, "विलासराव, जरा कावळ्यांकडे बघा." माझी दुसरी चूक. प्रतिस्पर्ध्याच्या हातात मी माझी उघडी पेटी दिली, कारण तो घरचा. मी सही केली, परत आलो, झाकण लावलं, अध्यक्षांनी दोन्ही पेट्यांना कागदी पट्ट्या चिकटवून वर सह्या केल्या.

तीन वाजता पट्ट्या तोडल्या. दुधाच्या दोन-दोन लिटरच्या दोन मापांत पाणी ओतून मापलं. विलासच्या पेटीतून लिटरपेक्षा थोडं जास्त. माझ्या पेटीतून दीड लिटर. मला वाटलं फोमला कुठे तडा गेला असेल, म्हणून पेटीत बोट घातलं, आणि हाडापर्यंत कळ गेली. माझं आयुष्य गारव्यात गेलंय. नुसत्या वितळलेल्या बर्फाचं पाणी असं चावत नाही. असं चावतं कुल्फीवाल्याच्या पिंपातलं, कारण तो बर्फात मीठ घालतो. मीठ पडलं की बर्फ जास्त पाणी सोडतो आणि ते पाणी जास्त गार होतं. मी बोट चाटलं.

"खारट!" मी ओरडलो. "यात मीठ आहे! चाखा, कोणीही चाखा!"

अध्यक्ष दोन पावलं मागे सरकले. "मासळीचा बर्फ आहे तो. खारट असणारच."

"दोन्हीकडचा बर्फ एकाच पोत्यातला आहे. त्याचंही चाखा, माझंही चाखा. फरक कळेल."

"आज गुरुवार आहे. मासळीचं पाणी मी तोंडात घालू? डोकं फिरलंय का तुमचं?"

मी सेक्रेटरींकडे माप नेलं. त्यांचाही गुरुवार. खजिनदार गुरुवारही पाळायचे आणि मंगळवारही. एक बाई जन्माच्या शाकाहारी होत्या. एक मेंबर मासे खाणारे निघाले, पण त्यांच्या पत्नी खालून गच्चीच्या दाराशी आल्या होत्या आणि त्यांच्याकडे नुसत्या बघत होत्या. सात जण, आणि एकाही माणसाचं बोट त्या पाण्यात बुडेना. विलास कठड्याला टेकून वालीवच्या दिशेने बघत होता.

आरडाओरडा ऐकून हिराबाय वर आली. तिने काही न विचारता दोन्ही मापांत बोट बुडवलं, दोन्ही चाखली, आणि थुंकली. "माजा बरफ गोड्या पान्याचा हाय. यात मासलीचा वास येल, पन मीठ नाय. हे पानी कोनीतरी खारट केलंय."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, बर्फ तुमचा, म्हणजे तुम्ही यांच्या बाजूच्या."

"मी? याच्या बाजूची? सकाली पाच रुपयांसाटी माज्याशी भांडलाय हा मेला. मी कशाला याच्या बाजूने बोलेन?"

"भांडण झालंय ना? मग तर तुमची साक्ष मुळीच चालणार नाही."

इथे शालन असती तर तिने माझा शर्ट ओढला असता. ती त्या दिवशी गाळ्यावर होती. मी ते माप उचललं आणि आदळलं, पेटीला लाथ मारली, आणि तोंडातून काय काय गेलं ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. दीड लिटर पुरावा पन्हाळीतून खाली वाहून गेला. ही तिसरी चूक, आणि सगळ्यात मोठी.

काम विलासला मिळालं. पण मला त्याहून जास्त लागलं ते मिनिटबुकात लिहिलेलं. 'सदर गृहस्थांची पेटी निकृष्ट ठरली. त्यांनी गच्चीवर असभ्य वर्तन केले.' या पानाच्या प्रती निघाल्या. विरारच्या एका कमिटीत मी यंत्राची माहिती देत होतो, तर तिथल्या सेक्रेटरींनी फाइलमधून तोच कागद काढून विचारलं, "तुमचीच ना ती निकृष्ट पेटी?" त्यानंतर दोन उन्हाळे सोसायट्यांची कामं आली नाहीत. मासळीच्या पेट्या, दुधाच्या गाड्या आणि भाड्याच्या यंत्रांवर घर चाललं. उपाशी राहिलो असं नाही. पण रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला की तो हसायच्या आधी मला तो शब्द ऐकू यायचा.

दुसऱ्या पावसाळ्यात त्या सोसायटीत चटया ओल्या झाल्या. फॉल्स सीलिंग पोट सुटल्यासारखं खाली आलं. एकाकडे जेवणाच्या टेबलावर ओला गोळा पडला आणि घरातली चार माणसं आठवडाभर खाजवत होती. चौथ्या मजल्यावरचे फ्लॅट लोक मिळेल त्या भावाला काढू लागले, आणि त्यातला एक मी घेतला.

शालनने विचारलं, "तिथेच का?"

मी म्हटलं, "सभासद नसलेल्या माणसाला वार्षिक सभेत बोलता येत नाही."

"म्हणजे एका वाक्यासाठी फ्लॅट घेताय?"

"भावही चांगला पाडला."

"ते मला माहीत आहे हो," ती म्हणाली आणि सामान बांधायला लागली.

गच्ची सोसायटीची, तिथे फोम मारायला अध्यक्षांनी परवानगी नाकारली. मी घराच्या आतून छताला मारला, वर पक्कं प्लॅस्टर केलं. अध्यक्ष आमच्या शेजारच्या दारात राहतात. त्या उन्हाळ्यापासून त्यांच्या सौभाग्यवती दुपारी भाजी निवडायला आमच्याकडे येतात. "तुमच्याकडे किती गार वाटतं हो," असं म्हणून पाय पसरून बसतात, कधी कधी डुलकीही काढतात. फार चांगल्या बाई आहेत. त्या निकृष्ट पेटीत बसल्या आहेत हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

सभेचा अनुभव असा. विषयपत्रिकेवर शेवटचा विषय दरवर्षी एकच असतो, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. पहिल्या वर्षी मी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली. दुसऱ्या वर्षी मी दोन तास आधीपासून हात वर करून बसलो. ते म्हणाले, परवानगी नाही. मी म्हटलं, कारण? ते म्हणाले, कारण देण्याची तरतूद नाही. तिसऱ्या वर्षी लेखी अर्ज दिला. उत्तर लेखी आलं, 'इतिवृत्त एकदा मंजूर झाले की झाले.'

आणि मग ते लग्न. कुंदाच्या पुतणीचं, नालासोपाऱ्याला. यजमानांनी आम्हा दोघा साडूंना शेजारी बसवलं, कारण आमच्यात बोलणं नाही हे घरात कोणी मान्यच करत नव्हतं. दुसऱ्यांदा जिलबी आली तेव्हा विलास पानाकडे बघत म्हणाला, "दादा, मीठ मीच टाकलं होतं."

मी म्हटलं, "ते मला गच्चीवरच कळलं होतं. का टाकलं ते सांग."

"तीन वर्षं तुमची गन धरली. घरी मी विलासराव. गिऱ्हाइकासमोर 'ए, गन धर. ए, नळी ओढ.' त्या दिवशी कावळे हाकलायला सांगताना पहिल्यांदा गच्चीवर विलासराव म्हणालात. मीठ तोपर्यंत खिशात होतं. वाटलं, राहू दे. पण मग हात गेला."

मी जिलबी संपवली. मला राग यायला हवा होता, आला नाही. तो म्हणतो ते खरं होतं. गनचं तोंड चोंदू नये म्हणून दर दहा मिनिटांनी हवा मारायची युक्ती त्याची, आणि मी ती कित्येक गिऱ्हाइकांना माझी म्हणून सांगितली होती. मी म्हटलं, "विलासराव, हे सभेत येऊन सांगाल?" तो म्हणाला, "सांगेन."

तो आला. खरंच आला, इस्त्रीचा शर्ट घालून. पण तो सभासद नाही, म्हणून वॉचमनने त्याला जिन्यात थांबवलं. आत मी हात वर करून उभा, बाहेर मीठ टाकणारा माणूस कबुली द्यायला उभा, आणि मधे अध्यक्षांची परवानगी. ती मिळाली नाही. आभारप्रदर्शन झालं, समोसे वाटले गेले. विलासरावांनी जिन्यातच एक खाल्ला. आता आम्ही दोघं पुन्हा एकत्र काम करतो. पाटीवर दोघांची नावं आहेत, त्याचं आधी. त्यावरून मी भाव केला नाही, याचं शालनला अजून नवल वाटतं.

मागच्या वर्षी जुने सेक्रेटरी फ्लॅट विकून पुण्याला गेले. जाताना निरोप घ्यायला आले आणि दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "मी 'पेटी हरली' असं लिहिलं होतं. 'निकृष्ट' हा शब्द मला सांगण्यात आला." कोणी सांगितला ते बोलले नाहीत. टेंपो खाली हॉर्न वाजवत होता.

हरली लिहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पाणी जास्त निघालं, माझी पेटी त्या दिवशी हरली, हे मापाने ठरलं. निकृष्ट हे कुठल्या मापाने ठरलं? दुसरं वाक्य, माझ्या असभ्य वर्तनाचं, ते खरं आहे. ते राहू द्या, हवं तर ठळक करा.

अध्यक्षसाहेब, माझ्या मालात काय आहे हे बघायला तुमच्यापैकी एकानेही बोट बुडवलं नाही. तुमचा गुरुवार होता, मी मान देतो. पण मग न चाखता, न बघता, एका माणसाच्या, फ्रिजच्या कारखान्यापासूनच्या वीस वर्षांच्या कामावर तो शब्द कोणी लिहायला लावला? येत्या सभेत शेवटचा विषय आला की मी हात वर करणार आहे. विलासराव जिन्यात असतील. हिराबाय येते म्हणाली आहे, आणि तिला अडवेल असा वॉचमन आपल्या सोसायटीत नाही. तेव्हा मला परवानगी द्या किंवा देऊ नका. पण तो शब्द कोणाचा होता, त्याचं नाव सर्व सभासदांसमोर सांगा. तुमचा असेल तर 'माझा' म्हणा.